ऑपरेशननंतर साठलेलं प्रत्येक पाणी म्हणजे पू नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कॅन्सर तपासणीच्या शिबिरांच्या बातम्या नेहमी येतात, फोटो येतात, फीत कापणारे पुढारी येतात, चांगलंच आहे, तपासणी व्हायलाच पाहिजे. पण शिबिरात सापडलेल्या बाईचं ऑपरेशन झालं, ती घरी आली आणि महिना-दीड महिन्यानं तिच्या ओटीपोटात नाहीतर काखेत पाणी साठलं तर पुढं काय, यावर एक ओळ कुठं वाचायला मिळत नाही. मी सांगलीत विश्रामबागला राहते, नोकरी सगळी सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणून गेली, आता रिटायर आहे. त्यामुळं गल्लीतले, पावण्यारावळ्यातले लोक रिपोर्टची फाईल काखोटीला मारून माझ्याकडं येतात आणि बऱ्याच जणांचा प्रश्न हाच असतो, मॅडम आत पाणी झालंय म्हणतात, पू असेल का, परत कापायला लागेल का, का कॅन्सरच परत आला. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कात्री लावा, पण डिस्चार्ज कार्डाबद्दल खाली लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी हे पाणी येतं कुठनं ते सांगते. अंगात रक्ताच्या नळ्यांशिवाय आणखी एक नळ्यांचं जाळं असतं, त्यातनं लिंफ नावाचं फिकट पिवळसर पाणी वाहतं. रक्तातनं बाहेर झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडायचं हे त्याचं काम, आणि ते थोडंथोडकं नाही, दिवसाला दोन ते चार लिटर. वाटेत जागोजागी गाठी असतात, काखेत, जांघेत, मानेत, पोटात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच गाठ सुजलेली. कॅन्सर पसरायला लागला की बऱ्याचदा या गाठींच्याच वाटेनं पसरतो, म्हणून गर्भाशय, स्तन, प्रोस्टेट काढताना सर्जन त्या भागातल्या गाठीपण काढतात. गाठ काढली की तिला येऊन मिळणाऱ्या बारीक नळ्या कापल्या जातात. रक्ताची बारीक शीर कापली तर रक्त गोठून तोंड बंद होतं, पण लिंफमध्ये प्लेटलेट नसतात आणि गोठवणारे घटकही रक्तापेक्षा कमी, त्यामुळं ही तोंडं लवकर मिटत नाहीत. पाट फुटला की पाणी शेजारच्या खोलगट वावरात जाऊन बसतं तसं हे पाणी ऑपरेशननं मोकळ्या झालेल्या जागेत जाऊन बसतं. ओटीपोटात साठलं तर डॉक्टर त्याला लिम्फोसील म्हणतात, स्तनाच्या ऑपरेशननंतर छातीवर-काखेत साठतं त्याला सेरोमा. सर्जन क्लिपा लावतात, टाके घालतात, सील करणाऱ्या मशिनी वापरतात, तरी काहींना होतंच. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडं पाणी झालं म्हटलं की पहिला शब्द तोंडातनं निघतो तो म्हणजे डॉक्टरनं घाण केली.

आता माझ्या जाऊबाईंचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नाव-गाव नको म्हणाल्या. तासगावच्या बाजूला राहतात, द्राक्षबाग आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर परत रक्त जायला लागलं, तपासणीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, मोठ्या शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात पिशवी, अंडाशय आणि दोन्ही बाजूच्या गाठी काढल्या. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आल्या, महिनाभर सगळं बेस. मग डावा पाय सुजायला लागला. आधी चपलेचा अंगठा घट्ट झाला, मग जोडवी रुतायला लागली, मग सूज मांडीपर्यंत चढली. त्यात लघवीचा त्रास, रात्रीतनं चार-पाचदा उठायचं, एसटीत बसून सांगलीला यायचं म्हटलं तरी भ्यायच्या. ओटीपोटात डावीकडं जड जड वाटायचं. ताप मात्र नव्हता.

गावातल्या डॉक्टरनं लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या, लघवीचा रिपोर्ट साफ आला तरी गोळ्या चालूच. एका शेजारणीनं हत्तीरोग ठरवला. दुसरीनं सांगितलं एरंडाचं पान गरम करून बांधा आणि पाय खालनं वर चांगला चोळून घ्या. तिसरीनं तर पाणी प्यायचंच बंद करायला लावलं, आत पाणी झालंय, वरनं आणखी कशाला वततीस म्हणून. मग दुसऱ्या एका दवाखान्यात पोटाला हात लावूनच निकाल दिला की आतला टाका पिकलाय, पू झालाय, उद्या या, इथंच सुई मारून काढतो. रात्री पुतण्याचा फोन आला, काकी उद्या आईचा पू काढायचाय, तुम्ही येताय काय? मी म्हटलं सुई बिई काय नाही, आईला घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं इकडं ये, आणि तो पाय आता कुणी चोळायचा नाही.

पाय का चोळायचा नाही ते कळायला पाहिजे. ओटीपोटातला पाण्याचा गोळा मोठा झाला की शेजारनं जाणारी पायाची मोठी शीर दाबली जाते, रक्त अडतं, पाय सुजतो. पण कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळीपण होऊ शकते, आणि अडलेल्या रक्तात ती व्हायची शक्यता आणखी वाढते. गुठळी असताना पाय चोळला आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. बाहेरनं बघून दोन्ही सुजा सारख्याच दिसतात. म्हणून ऑपरेशननंतर एकच पाय सुजला तर पहिल्यांदा डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते बघायची सोनोग्राफी, मग बाकीचं, आणि सुजेबरोबर अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉपलरचीसुद्धा वाट न बघता सरळ मोठं हॉस्पिटल.

जाऊबाईंना मिरजेला नेलं. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी मिरजेत मिशनचं काम सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडची आणि कर्नाटकातली माणसं औषधाला मिरजेलाच येतात, आमच्यापण पायाला तीच सवय. सोनोग्राफीच्या खोलीत मी आत उभी होते. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. पडद्यावर मधोमध लघवीची पिशवी, भरलेली, काळी, आणि तिच्या डाव्या अंगाला दुसरा काळा गोळा जवळजवळ तेवढाच, नऊ-दहा सेंटीमीटरचा. पुतण्या म्हणाला दोन-दोन पिशव्या कशा काय. डॉक्टरनं काय केलं, जाऊबाईंना म्हणाल्या, मावशी उठा आणि लघवीला जाऊन या. परत आल्यावर प्रोब ठेवला तर लघवीची पिशवी आकसून एवढीशी, आणि दुसरा गोळा होता तसाच. केवढी साधी युक्ती, पैसा लागत नाही, पण ही केली नाही म्हणून भरलेल्या लघवीच्या पिशवीला गोळा आणि गोळ्याला लघवीची पिशवी समजल्याचे रिपोर्ट मी नोकरीत बघितलेत. गोळ्याची भिंत पातळ होती, आत सगळं साफ काळं, गढूळपणा नाही. पू असेल तर भिंत जाड दिसते, आत कचरा तरंगताना दिसतो, जुनं रक्त असेल तर जाळीजाळी दिसते. डाव्या किडनीलाही थोडी सूज होती, कारण किडनीतनं खाली येणारी लघवीची नळी गोळ्यानं दाबलेली. वारंवार लघवी का लागत होती ते तिथंच कळलं, पिशवीला फुगायला जागाच राहिली नव्हती. डॉपलरमध्ये शीर दाबलेली दिसली, गुठळी नव्हती. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

सोनोग्राफीवर थांबून चालत नाही, कारण काळं दिसणारं पाणी चार प्रकारचं असू शकतं. लिंफ, पू, पातळ झालेलं जुनं रक्त, नाहीतर लघवीची नळी दुखावली गेल्यामुळं गळणारी लघवी. म्हणून सोनोग्राफीत बघत बघत, सगळं निर्जंतुक करून, बारीक सुईनं थोडं पाणी काढून तपासायला पाठवतात. सिरिंजमध्ये आलं ते पिवळसर, स्वच्छ. पुतण्या लगेच, काकी ही तर लघवीच आहे. डोळ्यानं बघितलं तर त्याचं काय चुकीचं नव्हतं, पिवळं पाणी पिवळंच दिसणार. ओळखायची रीत अशी की त्या पाण्यातलं क्रिएटिनिन आणि त्याच दिवशी काढलेल्या रक्तातलं क्रिएटिनिन शेजारी शेजारी ठेवायचं. क्रिएटिनिन म्हणजे अंगातला टाकाऊ पदार्थ, तो किडनी लघवीत सोडते, त्यामुळं लघवी गळत असेल तर पाण्यातला आकडा रक्ताच्या कितीतरी पट येतो. जाऊबाईंचा रक्तातला ०.९ आणि पाण्यातला १.०. लघवीचा विषय तिथं मिटला. पाण्यात पेशी होत्या त्यातल्या बहुतेक लिंफोसाइट, म्हणजे लिंफमध्ये असतात त्या पांढऱ्या पेशी, कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत, कॅन्सरच्या पेशी बघायला पाठवलेला नमुनाही साफ आला. त्या दवाखान्यात पू म्हणून काढायचं ठरलेलं ते हे पाणी. तिथं सुई घातली असती तर कदाचित जंतूपण आत गेले असते आणि मग खरंच पू झाला असता, आतड्याला-शिरेला टोचण्याची भीती वेगळीच. लघवीच्या गळतीची शंका जास्त असेल तर सीटी काढतात, शिरेतनं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, देऊन थोडं थांबून परत फोटो घेतात, गळती असली तर तो कॉन्ट्रास्ट गोळ्यात उतरलेला दिसतो.

उपचारांचं आता. पहिली गोष्ट लोकांना पटत नाही ती ही की खूप जणांना काहीच करायला लागत नाही. फॉलो-अपच्या सोनोग्राफीत तीन-चार सेंटीमीटरचं पाणी सापडतं, पेशंटला कसलाच त्रास नसतो, असलं पाणी बहुतेक वेळा अंग आपलं आपण शोषून घेतं, काही आठवडे नाहीतर काही महिने लागतात. डॉक्टर बघूया म्हणाले की आपली माणसं चिडतात, एवढं पाणी आहे आणि काढत कसं नाही. उगीच सुई घालून साफ पाण्यात जंतू सोडण्यापेक्षा परत सोनोग्राफी करून बघणं हाच तिथं इलाज असतो. हात कधी घालायचा, तर शीर, किडनीची नळी, लघवीची पिशवी किंवा आतडं दाबलं जात असेल, दुखत असेल, नाहीतर ताप येऊन जंतू झाल्याची शंका असेल तेव्हा.

नुसतं सुईनं उपसून काढलं तर बरं वाटतं पण गळती चालूच असते, म्हणून ते परत भरायची शक्यता भरपूर. जाऊबाईंना सोनोग्राफीत बघून बारीक नळी घातली, टोकाला वेटोळं असतं म्हणून पिगटेल म्हणतात, जागा बधिर करून घालतात, भूल द्यायला लागत नाही. पहिल्या दोन दिवसातच पाय उतरायला लागला आणि रात्रीची झोप लागायला लागली, पण नळीला लावलेल्या पिशवीत रोज दोनशे-अडीचशे मिली यायचं थांबेना. मग स्क्लेरोथेरपी केली. नळीतनं सगळं पाणी काढून घ्यायचं, नळी दुसरीकडं कुठं उघडत नाही हे डाय सोडून बघायचं, मग आत औषध सोडायचं, शुद्ध अल्कोहोल किंवा पोव्हिडोन आयोडीन किंवा डॉक्सिसायक्लिन, नळी अर्धा तास वगैरे बंद ठेवायची, पेशंटला या कुशीवरनं त्या कुशीवर वळवायचं म्हणजे औषध सगळ्या भिंतीला लागतं, आणि परत बाहेर काढून घ्यायचं. औषधानं आतली भिंत चुरचुरते, सुजते आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकीला चिकटून पोकळी मिटते. अल्कोहोल झोंबतं, जाऊबाईंनी पहिल्या वेळी माझा हात दाबून धरलेला, त्यामुळं दुखण्याचं औषध आधी मागून घ्यावं, लाजू नये. एका वेळेत भागेलच असं नाही. त्यांचं काही वेळा करायला लागलं, मग रोजचं पाणी दहा-पंधरा मिलीवर आलं आणि नळी काढली. नंतरच्या सोनोग्राफीत किडनीची सूजही गेलेली.

तरीपण भरत राहिलं तर दुर्बिणीतनं ऑपरेशन असतं, खिडकी पाडणे म्हणतात सर्जन लोक. गोळ्याच्या भिंतीला पोटाच्या मोकळ्या पोकळीकडं खिडकी ठेवायची, म्हणजे पाणी तिकडं उतरतं आणि पोटाचा आतला पडदा ते शोषून घेतो. चांगला इलाज आहे, पण पाण्यात जंतू असतील तर ही खिडकी पाडायची नाही, सगळ्या पोटात पू पसरेल. तिथं बाहेर नळी आणि अँटिबायोटिक हीच वाट. म्हणून तर आधी तपासायला पाहिजे, पू आहे का नाही हे अंदाजानं ठरवून भागत नाही, दोन्हीचे इलाज उलटे आहेत. मोठ्या शहरात आणखी एक करतात, जांघेतल्या गाठीत सोनोग्राफीत बघून लिपिओडोल सोडतात, खसखशीच्या तेलापासनं केलेलं आयोडीनचं औषध आहे ते, एक्स-रेत नळ्या उमटतात आणि गळती नेमकी कुठं आहे ते दिसतं, आणि तेल चिकट असल्यामुळं काही वेळा गळतीपण त्यानंच थांबते. आपल्याकडं आतमध्ये नळ्या घालणारे, गळती बंद करणारे रेडिओलॉजिस्ट वाढले तर किती लोकांची महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र वाचेल.

स्तनाच्या ऑपरेशनच्या बायका तर ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची पिशवी, लावूनच घरी येतात. पदराआड पिशवी धरून एसटीत बसलेली बाई बघितली की मला वाटतं शेजारच्या माणसानं जरा सरकून बसावं. त्या पिशवीचं घरी नीट झालं तर पुढची निम्मी कटकट कमी. रोज एकाच वेळेला मोजायचं, सकाळी सात तर सातच, वहीत तारीख, किती मिली, रंग कसला असं लिहायचं. पहिल्यांदा लाल, मग गुलाबी, मग पिवळसर हे बरोबर आहे. पिवळसर झालेलं परत लाल झालं, गढूळ झालं, वास यायला लागला, नळीच्या कडेनं गळायला लागलं किंवा येणं एकदम बंद होऊन काख फुगली तर फोन करायचा, एकदम बंद म्हणजे बरं झालं असं नाही, नळी तुंबलेली असू शकते. पिशवी जखमेच्या वर टांगायची नाही. चोवीस तासात साधारण वीस-तीस मिलीच्या आत आलं की बरेच सर्जन काढतात, पण ते त्यांनी ठरवायचं, लग्नाला जायचंय म्हणून आधी काढून द्या म्हणायचं नाही. ड्रेन काढल्यावर काखेत पाणी भरलं तर ओपीडीतच सुईनं काढतात, तिथं चामडी बधिरच असते बऱ्याचदा, फार दुखत नाही. आणि हल्ली सगळ्यांच्या सगळ्या गाठी काढत नाहीत, निळी डाय किंवा किरणोत्सारी औषध सोडून पहिल्या एक-दोन गाठी शोधतात, त्या साफ असल्या तर बाकीच्या ठेवतात. आपल्या पेशंटला ते चालतंय का हे ऑपरेशनच्या आधी जरूर विचारावं.

आपल्याकडं तंबाखू-मिश्री-गुटख्यानं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट ढीगभर, त्यांच्या मानेतल्या गाठी काढतात. डाव्या बाजूला पोटाकडनं वर येणारी लिंफची मुख्य नळी असते, ती दुखावली तर ड्रेनमध्ये पांढरं येतं. पेशंटला नाकातनं नळीनं दूध चालू असतं आणि ड्रेनमध्ये पण दुधासारखं दिसतंय, नातेवाईक बोंब मारत येतात, सिस्टर पाजलेलं दूध मानेतनं बाहेर येतंय! दूध नसतं ते. खाल्लेली चरबी आतड्यातनं याच नळ्यांनी जाते म्हणून लिंफ पांढरं होतं, १६२२ साली इटलीत गास्पारे असेली नावाच्या डॉक्टरनं नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या नळ्या बघून नोंदवून ठेवल्यात. त्या पाण्यात ट्रायग्लिसराईड ११० च्या वर आलं की डॉक्टर ते कायल, म्हणजे चरबी मिसळलेलं लिंफ, धरतात. तिथं मात्र खाण्याचा संबंध आहे, तूप-तेल-साय बंद करतात, एमसीटी नावाचं वेगळं तेल देतात जे या नळ्यांतनं न जाता सरळ रक्तात जातं, कधी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं देतात, बरेच जण एवढ्यावर थांबतात, नाही थांबलं तर परत उघडून नळी बांधतात. बाकी ओटीपोटातल्या साध्या लिम्फोसीलला पाणी पिणं बंद, भात बंद, दही बंद असलं काही नसतं. जखम भरायची असताना डाळ, अंडी, दूध बंद करणं म्हणजे पेशंटला दुबळं करणं.

किडनी बदललेल्यांच्या घरच्यांसाठी दोन शब्द. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, तिथं रक्तवाहिन्यांच्या कडेच्या लिंफच्या नळ्या सोडवताना कापल्या जातात आणि काही आठवड्यांनी पाणी साठू शकतं. ते नव्या किडनीच्या नळीला दाबतं, क्रिएटिनिन चढतं, लघवी कमी होते, आणि घरात रडारड सुरू होते की किडनी रिजेक्ट झाली, आईनं दिलेली वाया गेली. रिजेक्शनही असू शकतं, ते डॉक्टर बघतीलच, पण सोनोग्राफी होईपर्यंत धीर धरावा, कारण दाबणारं पाणी काढलं की क्रिएटिनिन उतरतं. अशा पेशंटला प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतात, जंतू लगेच धरतात, म्हणून जिथं किडनी बसवली त्यांना न विचारता कुणीही तिथं सुई घालायची नाही.

आता डिस्चार्ज कार्ड. जाऊबाईंचं कार्ड माझ्यापुढं आहे. औषधांची नावं, टाके कधी काढायचे, फॉलो-अपची तारीख, खाली सही-शिक्का. गाठी काढल्या हे इंग्रजीत एका लांब नावाच्या पोटात लपलेलं, ते कळायला नर्सच पाहिजे. पाणी साठू शकतं हा शब्दच नाही. गावातल्या डॉक्टरपुढं हे कार्ड ठेवलं तर त्याला तरी काय उमगणार, त्यानं लघवीच्या गोळ्या दिल्या त्यात त्याला फार दोष देववत नाही, पू म्हणणाऱ्याला मात्र मी देते. ऑपरेशन पुण्या-मुंबईला होतं आणि त्रास सुरू होतो आटपाडीत नाहीतर जतला, तिथनं परत जायचं म्हणजे गाडीभाडं, राहणं, बरोबर माणूस, त्याची मजुरी बुडालेली. माणूस अंगावर काढतोच.

माझी मागणी खर्चाची नाही. गाठी काढलेल्या प्रत्येक पेशंटच्या कार्डावर मराठीत एवढंच लिहा की तुमच्या अमुक बाजूच्या गाठी काढल्यात, पुढच्या काही आठवड्यात तिथं पाणी साठू शकतं, एक पाय किंवा हात सुजला, ओटीपोटात जड वाटलं, वारंवार लघवी लागली किंवा लघवी कमी झाली, कंबरेत एका बाजूला दुखलं, थंडी वाजून ताप आला तर सोनोग्राफी करा, आणि ऑपरेशन केलेल्या युनिटशी बोलल्याशिवाय कुणाला सुई मारू देऊ नका. रबराचा शिक्का करून घेतला तर लिहायचापण त्रास नाही. खाली वॉर्डचा असा नंबर द्या जो रात्रीपण कुणीतरी उचलेल, रिसेप्शनचा नको, तिथं गाणं वाजत राहतं. जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटना, सिव्हिल, मेडिकल कॉलेज यांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल.

पेशंटच्या बाजूनं, बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, सीटीची सीडी हे सगळं एका पिशवीत ठेवा, किती गाठी काढल्या ते बायोप्सीच्या रिपोर्टात आकड्यात असतं, पुढच्या डॉक्टरला ते दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतनं ऑपरेशन झालं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा की नंतर पाणी काढायला लागलं तर ते योजनेत कसं बसेल, नंतर विचारायला गेलं की टेबल बदललेलं असतं.

आपली,
एक निवृत्त नर्स, विश्रामबाग, सांगली

ता.क. पत्र वाचून दाखवल्यावर जाऊबाई म्हणाल्या हळदीचं लिहिलं नाहीस. त्यांनी ड्रेन काढलेल्या भोकावर घरची हळद दाबायला घेतलेली, मी हात धरला. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालंय, अभिमान आहेच, पण ती आमटीत टाका, ड्रेनच्या भोकावर निर्जंतुक गॉजच पाहिजे.